मंडईच्या दिवशी वगळलेला डबा

मी एक जुना रिक्लोजर आहे. आली ना जांभई? येणारच! छत्री बोलायला लागली, फाटकं पुस्तक बोलायला लागलं की तुम्ही कान टवकारता. मी तोंड उघडलं की विचारता, हा कोण बुवा? तर मित्रांनो, मी विजेच्या खांबावर बसवलेला, पोटात तेल भरलेला एक लोखंडी डबा. बाजूला एक पिवळा दांडा, एवढंच माझं रूप.

पण काम ऐका. तारेला पाखरू अडलं, फांदी अडली, की मी आपणहून वीज तोडतो. खट्! जरा थांबतो आणि पुन्हा जोडून बघतो. पाखरू उडालं असेल तर गावात दिव्यांची नुसती उघडझाप होते. फांदी तिथेच असेल तर पुन्हा तोडतो. असं तीनदा करून बघतो आणि मग दांडा खाली पाडून हट्टाने बंद बसतो. मग लाइनमनने यावं, लाइन फिरून बघावी, अडलेलं काढावं आणि लांब काठीने माझा दांडा वर करावा. यात न कळण्यासारखं काय आहे, सांगा बरं?

ब्याऐंशी साली मला वडशापुढच्या एका गावाच्या वेशीवर चढवलं, तेव्हा नारळ फुटला होता. राइस मिलवाले गुणवंतराव सगळ्यांना सांगत होते, "आता आपल्या गावात अकलेची मशीन आली." आठवडाभर माझं भारी कौतुक झालं. मग नाल्याजवळच्या मोहाच्या झाडाची फांदी वाऱ्याने तारेला लागायला लागली आणि सगळं कौतुक आटपलं.

तो मोह ठमाबाईच्या बांधावरचा. उन्हाळ्यात त्याची फुलं वेचून म्हातारी घर चालवायची. लाइनमन सोमाजी कुऱ्हाड घेऊन गेला की ती झाडाला पाठ लावून उभी राहायची. "माह्या मोहाले हात लावशीन तं पाहून घेईन! तुह्या तारेले सांग, तिकडून जाय म्हणून." सोमाजी परत यायचा, काठीने माझा दांडा वर करायचा आणि निघून जायचा. वारा सुटला की पुन्हा खट्, खट्, खट्. मिल बंद, पंप बंद, आणि शिव्या मला! "हा डबा कामाचा नाई, याले उठसूट पडाचीच सवय हाय." अरे, फांदी तुमची, भांडण तुमचं, आणि पडायची सवय माझी? डोकं पिकलं होतं माझं नुसतं.

दिवाळी झाली आणि गावाची मंडई आली. मंडई म्हणजे घरोघर पाहुणे, जत्रा आणि रात्रभर नाटक. सोमाजीची बहीण कमळा नवरा आणि दोन पोरांसकट रेंगीतून, म्हणजे हलक्या बैलगाडीतून, येणार होती. सकाळीच गुणवंतराव माझ्या खांबाखाली येऊन उभे राहिले.

"सोमाजी, नाटकात लाइट गेली तं लोक माह्या मांडवाले आग लावतीन. या डब्याचं काही कर ना बाप्पा."

"फांदी तोडू द्या म्हणा ना बुढीले."

"ते नाई आयकत. तू डब्यालेच बाजूले ठेव. एका दिवसाचा तं सवाल हाय."

सोमाजीने सबस्टेशनमधून लाइन बंद करवली, खांबावर चढला आणि माझ्या इकडच्या तारा तिकडच्या तारांना वरच्या वर जोडून टाकल्या. आता वीज माझ्या डोक्यावरून जाणार होती, पोटातून नाही. खाली उतरून तो हसला. "घे, आता कर खट् खट्." मी वरून ओरडत होतो, पण डब्याचं ओरडणं कोण ऐकतं?

दुपारी वारा सुटला. मोहाची फांदी तारेवर आपटली, आपटत राहिली, आणि शेवटी तार तुटून नाल्याच्या ओल्या उतारावर, गाडीवाटेवर पडली. माझ्या जागेवरून सगळं दिसत होतं. आणि समोरून कमळाची रेंगी येत होती.

एक बैल तारेवर पडला. दुसरा जोखडासकट त्याच्यावर कोसळला. कमळाची किंकाळी ऐकून सोमाजी मांडवातून धावत सुटला. धावता धावता ओरडत होता, "उतरू नोका! कोणी खाली पाय ठेवू नोका! गाडीतच बसा!" लाकडाच्या गाडीत होती म्हणून अजून जिवंत होती ती माणसं. कमळाने दोन्ही पोरांना छातीशी घट्ट आवळून धरलं होतं.

मग तो सवयीने माझ्याकडे आला. काठी उचलली आणि माझा दांडा खाली ओढला. खट्! इतका जीव लावून मी कधी खटका पाडला नव्हता. पण वीज माझ्यातून जातच नव्हती हो! ती त्याच्याच हाताने जोडलेल्या तारांवरून चालली होती. सोमाजीने वर बघितलं, आपला सकाळचा उद्योग बघितला. "माह्या मायची पोर हाय ते," एवढंच म्हणत राहिला.

गुणवंतराव राजदूत मोटारसायकल काढून सबस्टेशनकडे पळाले. तोवर सारं गाव लांब उभं होतं आणि धाकटं पोर खाली उतरायला रडत होतं. कमळा त्याला सोडत नव्हती. किती वेळ गेला मला विचारू नका, मला अजून तो संपल्यासारखा वाटत नाही. शेवटी मांडवातले दिवे विझले. सोमाजी धावला आणि त्याने पोरांना एकेक करून उचलून आणलं, मागोमाग कमळा आणि तिचा नवरा उतरले. बैल दोन्ही गेले होते.

त्या संध्याकाळी गाव अंधारात होतं, आणि पहिल्यांदाच मला कोणी शिवी दिली नाही.

दुसऱ्या दिवशी ठमाबाई स्वतः कुऱ्हाड घेऊन आली. सोमाजीच्या हातात दिली आणि म्हणाली, "तोड. तेवढीच फांदी तोड, झाड राहू दे." एवढंच तर करायचं होतं, मित्रांनो! एक फांदी! सोमाजीने ती तोडली, मग माझ्या खांबावर चढून डोक्यावरच्या तारा काढल्या. काढताना माझ्या गार लोखंडावर त्याने हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

आता मी गोदामाच्या आवारात गंजत पडलोय. माझ्या जागी नवे, हुशार डबे आले आहेत. त्यांनाही तुम्ही वैतागणार, ठाऊक आहे मला. खुशाल वैतागा. दिवे गेले की पोटभर शिव्या द्या, पण त्यांना बाजूला ठेवू नका. शिव्या द्यायला तुम्ही जिवंत राहिलात, म्हणजे आमचं काम झालं.