खालचा कप्पा

आमच्या दादाला कुणी काही शिकवायला गेलं की तो शेवटपर्यंत ऐकायचाच नाही. अर्ध्यावरच मान डोलवायला लागायचा. त्यात विषय थंडीचा असला तर विचारूच नका. बर्फाच्या कारखान्यात लाद्या कापण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलेलं, बोटांची टोकं कायमची पांढरट झालेली. पोळलं, लाव बर्फ. मुरगळलं, लाव बर्फ. मला राग आला तरी म्हणायचा, "आणू का एक लादी? बस तिच्यावर."

मी त्याची धाकटी बहीण. नवऱ्याचं घर सोडलं ती दादा-वहिनीकडेच राहिले. कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणं करते. घरात मला फटाकडी म्हणतात, म्हणू देत. माझ्या मनात काही राहत नाही, सगळं तोंडावाटे बाहेर. वहिनीचं बरोबर उलटं. तिला काहीही विचारा, उत्तर ठरलेलं. "बरंय."

तर या बरंयवालीच्या किडन्या हळूहळू बसत चालल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, रक्त तयार करा असा निरोप शरीरात किडनीकडून जातो, तो यांच्यात पोचत नाही, म्हणून रक्त कमी. मला ते सांगायची गरज नव्हती. जिन्यात मध्येच टेकून बसायची, भिजलेली चादर पिळताना धापा टाकायची, आणि ओठ तर पिठात बुडवल्यासारखे. एकदा बादली उचलताना भिंतीला धरून उभी राहिली. मी धावले तर म्हणते कशी, "बरंय गं, जरा चक्कर आली एवढंच."

दवाखान्यानं इंजेक्शनं लिहून दिली. दर आठवड्याला एक, पोटाच्या कातडीखाली टोचायचं, घरीच. काचेची बारीक नळी, सुई आधीच लावलेली. ती द्यायला दादाला बोलावलं तेव्हा वहिनी आत रक्त तपासायला गेली होती आणि मी कामावर होते. पुढचं मला सिस्टरनं नंतर सांगितलं. ती म्हणाली, "हे फ्रिजमध्ये ठेवायचं, पण..." आणि आमचा दादा हसला. "सिस्टर, थंड ठेवायचं मला शिकवता होय? मी बर्फवाला आहे." बाकावर बसलेले सगळे हसले. सिस्टर तरी बोलत राहिली बिचारी. बर्फाच्या कप्प्यात नाही, खालच्या कप्प्यात. गोठलं तर टाकून द्यायचं. हलवायचं नाही. टोचण्याआधी बीपी बघायचं. दर पंधरा दिवसांनी रक्त तपासायला यायचं. दादा मान डोलवत होता. त्यातलं टोचणं तेवढं त्यानं नीट शिकून घेतलं, आणि रक्ताची तारीख.

घरी आल्यावर त्यानं स्टीलचा एक डबा घासून पुसून घेतला, त्यात इंजेक्शनं ठेवली आणि डबा थेट वर, बर्फाच्या कप्प्यात, अगदी मागे सरकवला. मला बजावलं, "फटाकडे, याला हात लावायचा नाही. तिचा जीव आहे यात." आठवड्याच्या आठवड्याला कामावरून येऊन हात धुवायचा, नळी काढायचा, काखेत धरून वितळवायचा, मग कानाशी नेऊन खळखळ हलवायचा. वहिनी पदर बाजूला करून बसायची. तो टोचायचा इतक्या हलक्या हातानं, की लाद्यांवर करवत चालवणारा हाच का असं वाटावं. मला कौतुकच वाटायचं. का नाही वाटणार? माझ्या नवऱ्यानं मला कधी तापात पाणी विचारलं नव्हतं.

पण रक्त काही वाढेना. डॉक्टरांनी विचारलं, "औषध थंड ठेवता ना?" दादा म्हणाला, "एकदम थंड." खोटं काय बोलला? डॉक्टरांनी डोस वाढवला. पुढच्या वेळी पुन्हा वाढवला. वहिनी आणखीच पांढरी पडत चाललेली, आणि दादा तिच्याहून. जेवता जेवता हात थांबायचा. एकदा मला मोरीजवळ गाठून म्हणाला, "माझ्या हाताला गुण नाही का गं?" मी म्हटलं, "गुण औषधाला असतो, हाताला नाही. जेव मुकाट्यानं." हे सगळं वहिनीनं आतून ऐकलं असणार. आमच्या घराच्या भिंती म्हणजे नुसता देखावा.

त्यानंतर थोड्याच दिवसांत घरात एक नवीन गोष्ट सुरू झाली. नवीन खोकं वहिनीच जाऊन आणायला लागली, आणि इंजेक्शनच्या दिवशी दादा यायच्या आत तीच नळी काढून तयार ठेवायची. "तुम्ही दमून येता, मी वितळवून ठेवलंय. आणि हलवू नका, बुडबुडे येतात." दादा खूष. मी चिडवलं पण, "बघ दादा, उद्या टोचून पण घेईल, मग तुला कोण विचारतंय!"

आणि वहिनीला रंग चढायला लागला हो! आधी ओठांना, मग नखांना. जिना एका दमात चढली आणि वर पोचून लहान मुलीसारखी हसली. शेजारणीशी गप्पा मारत तासन्‌तास उभी. घरात कधी नव्हे ते गुणगुणणं ऐकू यायला लागलं. दादा तर हवेतच होता. कारखान्यात सगळ्यांना सांगून आला, हाताला गुण आला म्हणून.

रक्त तपासायची तारीख आली तेव्हा वहिनी म्हणाली, "आता बरं वाटतंय, कशाला सारखं सुया टोचून घ्यायच्या? पुढच्या वेळी जाऊ." दादाची कारखान्यात दुहेरी पाळी चालू होती, त्यानं मान डोलवली. बीपीचं मशीन दवाखान्यानं दिलेलं, ते कपाटात चादरींखाली कधीचं गेलेलं. मग तिचं डोकं दुखायला लागलं. सकाळी उठली की कपाळ दाबून बसायची. मी म्हटलं, "चल दवाखान्यात." "बरंय गं. रक्त वाढतंय ना, त्याचंच असेल." मी आवाज चढवला, तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. दादानं काय केलं असेल ते सांगायला नको. रुमालात बर्फ बांधून तिच्या डोक्यावर धरून बसला.

दुसऱ्याच दिवशी ती दुधाचं पातेलं उतरवताना पडली. मी वेणी घालत होते. आवाज आला, धावले, तर ती जमिनीवर, हातपाय ताठ, तोंडाला फेस, आणि दूध सगळीकडे. मी किंचाळले ती किंचाळतच राहिले. दादानं तिला उचललं, तशीच जिन्यानं खाली नेली.

दवाखान्याच्याच इस्पितळात नेलं, बीपी बघून डॉक्टरांचा चेहराच उतरला. डोक्यात रक्तस्राव झाला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. रक्ताचा रिपोर्ट आला तर मेलं ते रक्त, ज्याच्यासाठी आम्ही जीव टाकत होतो, ते नको तितकं वाढलेलं, आणि तेही भराभर. डॉक्टर दादाला म्हणाले, "इतके दिवस शरीर दाद देत नव्हतं. असं अचानक काय झालं?" दादा म्हणाला, "मी एकही इंजेक्शन चुकवलं नाही." त्यांनी उरलेलं औषध बघायला मागितलं.

आम्ही दोघं घरी आलो. दादानं वरच्या कप्प्यातून डबा काढला, उघडला. रिकामा. तो नुसता बघतच राहिला. "चोरीला गेलं?" म्हणाला. मी खालचा कप्पा धुंडाळला. दह्याच्या भांड्यामागे, स्वच्छ फडक्यात, खोक्यातच ठेवलेली इंजेक्शनं होती.

आम्ही खोकं घेऊन परत आलो, कुठे सापडलं ते सांगितलं, तेव्हा त्या इंजेक्शनवाल्या सिस्टरनं ते उलटसुलट करून पाहिलं. "नीट ठेवलंत की खालच्या कप्प्यात."

"मी नाही," दादा म्हणाला. "मी वर ठेवतो. बर्फात. पहिल्यापासून."

सिस्टर खुर्चीत बसली. मग सावकाश बोलली, आणि या वेळी दादानं तिला मध्ये तोडलं नाही. गोठलं की या औषधात काही उरत नाही, नुसतं पाणी. डॉक्टर त्या पाण्यावर डोस वाढवत गेले. मग खरं औषध, वाढवलेल्या डोससकट, अंगात गेलं. "तुमच्या मिसेसनी मला फोन केला होता," ती म्हणाली. "इंजेक्शन गोठलं तर चालतं का, विचारलं. मी म्हटलं, टाकून द्या, नवीन न्या, पण डॉक्टरांना आधी सांगा, डोस बदलावा लागेल. तर म्हणाल्या, माझं नाही हो सिस्टर, ओळखीतल्या एकीचं आहे. तिला सांगते."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. कुणावर, ते मलाच कळेना. दादावर, वहिनीवर, त्या डब्यावर. दादा हळूच म्हणाला, "मला का नाही सांगितलं तिनं?"

"का म्हणून काय विचारतोस!" मी ओरडले. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. "तुझ्या हाताला गुण नाही म्हणून रडत होतास ना मोरीपाशी? ती काय सांगणार होती तुला? की तू मला पाणी टोचतोयस?"

तो वळला. वहिनीच्या खाटेपाशी जाऊन उभा राहिला. तिला शुद्ध होती. वाकडं झालेलं तोंड हललं. बऱ्याच खटपटीनंतर त्यातून एक शब्द आला.

"बरंय."

आम्हाला वाटलं, वाचा परत येतेय. आली नाही. तो एकच शब्द राहिला. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, सारखा तोंडात असलेला शब्द तेवढा उरतो, त्याचा अर्थ तोच असेल असं नाही. भूक लागली, बरंय. अंथरूण ओलं झालं, बरंय. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि बरंय.

ती घरी आली. काही आठवड्यांनी इंजेक्शन पुन्हा सुरू करावं लागलं. डोस अगदी कमी, प्रत्येक वेळी आधी रक्त तपासायचं आणि बीपी आवाक्यात असेल तरच टोचायचं. सिस्टरनं मला शिकवलं. दादा शेजारी बसून सगळं ऐकत होता, शेवटच्या शब्दापर्यंत. सुई मात्र हातात घ्यायला तयार नव्हता. घरी येऊन त्यानं वरच्या कप्प्यातला बर्फ खरवडून काढला आणि तो डबा भंगारात दिला.

काल इंजेक्शनचा दिवस होता. नळी खालच्या कप्प्यातून काढून ठेवली होती. मी वहिनीच्या डाव्या दंडाला पट्टा बांधला. दादा तिच्यासमोर उकिडवा बसला. तिचं कपाळ आक्रसलेलं होतं, डावा हात सारखा डोक्याकडे जात होता.

"डोकं दुखतंय का?" त्यानं विचारलं.

"बरंय."

"खरं सांग."

"बरंय."

मशीनवरचा आकडा वर वर जात थांबला. जास्त होता. मी नळी बाजूला ठेवली आणि दवाखान्याला फोन लावला. दादानं तिचा तो डावा हात दोन्ही हातांत धरला, त्याच्यावर डोकं टेकलं आणि जन्मात कधी नाही इतक्या मोठ्यानं ओरडला, "खोटारडे! खोटारडी आहेस तू!"

वहिनी त्याच्याकडे बघत होती. "बरंय," ती म्हणाली.