धनजचे मुके कॉल

"जो हाव म्हणत नाही, त्याले पह्यले शोधा." ऊसतोडीवरून परतताना, ट्रक हलायच्या आधी, रेणूची आई धुक्यात उभी राहून एकेकाचं नाव पुकारायची. 'हाव', म्हणजे हो, असं उत्तर आलेल्यांची तिला काळजी नसे.

आई गेली, आवाज मागं राहिला. वाशीमच्या ऑफिसात रेणू आकडे जुळवत होती तेव्हा तो कानाशी आला. रुग्णवाहिका बोलावायच्या नव्या ॲपची चाचणी होती. वाशीम, शेलूबाजार, धनज इथल्या कम्प्युटरांनी एकाच वेळी सर्व्हरवर खोट्या कॉलांचा मारा केला होता, आणि सगळीकडचे निकाल एकत्र करायचं काम तिचं. उत्तराच्या वेळेची सरासरी सुरेख आली. पण धनजच्या निम्म्या कॉलांना उत्तरच नव्हतं. उत्तर नाही म्हणून वेळेचा रकाना कोरा, आणि कोरं ते सरासरीतून आपोआप गळालेलं.

"सर, धनजचे निम्मे कॉल मुके हायेत. ते धरलेच नाही आपण."

"गावाकडचं नेट असन," साहेब, म्हणजे प्रज्वल, हसला. "वावरात बसून टेस्ट केली का तुया माणसानं? सर्व्हर चांगला हाय म्हणून रिपोर्ट दे पाठवून."

तिनं पाठवून दिलं.

ॲप सुरू झालं. त्याच हंगामात धनजला सोयाबीन सोंगताना तिच्या वहिनीला, रुपाबाईला, साप चावला. त्याच दुपारी वादळानं तालुका झोडपला होता. जो तो रुग्णवाहिका मागत होता. रेणूच्या भावाच्या, भाऊसिंगच्या, मोबाईलवर 'गाडी शोधत आहोत' एवढंच फिरत राहिलं. गाडी येते आहे म्हणून तो थांबला. मांडीवर बायको निळी पडत गेली.

तेरवीला रुपाबाईचे वडील गुलाबसिंग अंगणात उभे राहिले. "रुचिकाले मी घेऊन जातो. बायकोसाठी कॉल लावता नाही आला याले, पोर काय सांभाळन?"

"लावला होता, मामा," भाऊसिंग म्हणाला. पोर त्याच्या कुशीत झोपलेली.

"मी ॲपच्या ऑफिसात इचारून आलो. तिथं तुया नावाचा कॉलच नाही. सर्व्हर चांगला हाय, तपासलेला हाय म्हणे. कायले खोटं बोलून राह्यला?"

आता भाऊसिंगलाही खात्री वाटेनाशी झाली होती. गुलाबसिंगांनी पोरीला उचलायला हात पुढं केले.

"काका, थांबा," रेणू म्हणाली. "त्यानं कॉल केला होता. जो कॉल पोचत नाही, तो तिथं दिसतच नाही. धनजकडचे कॉल मरतात हे मले चाचणीतच दिसलं होतं. तरी सर्व्हर चांगला हाय असं लिहून मीच पाठोलं."