जिल्नाबाईंचे आठ नामदिन

गेल्या वर्षी जिल्नाबाईंचा नामदिन आठ वेळा आला.

मित्रांनो, मी एक जुनी आज्ञावली आहे. लांबी सत्तेचाळीस ओळी, वय सहा वर्षे; संगणकात हे म्हातारपणच समजतात. लाटव्हियातल्या एका लहान गावाच्या वाचनालयात लिनक्सवर चालणारा एक संगणक आहे, आणि आज कोणाचा नामदिन आहे ते दारातल्या पडद्यावर दाखवणारे एक पॅकेज त्यात बसवलेले आहे. मी त्या पॅकेजची शेवटची सेविका. पॅकेज इन्स्टॉल होताना आधी सगळ्या फायली आपापल्या जागी उतरतात, मग मला उठवले जाते. मी नावांची यादी लावते, कोणी काय उघडावे याचे परवाने ठरवते, पडदा सुरू करते आणि पुन्हा झोपते. एका खेपेला दोन सेकंद लागतात. सहा वर्षांत माझे सारे जागेपण मिळून जेमतेम अर्धे मिनिट भरले आहे. नीट चालले तर मी आहे हेही कोणाला कळत नाही. अडखळले तर मात्र माझे नाव लाल अक्षरांत येते. कौतुक होते ते पडद्याचे.

मला लिहिले गिर्त्सने. तो वाचनालयाचे संगणक सांभाळतो. त्याने मला एका दुपारी, राईचा पाव चावत चावत लिहिले आणि नंतर वाचून पाहिले नाही.

नामदिनाला इथे कोणी कोणाला बोलावत नाही. दिनदर्शिकेत नाव दिसले, की माणसे फुले घेऊन येतात, आणि ज्याचे नाव असेल त्याने क्लिंगेरिस तयार ठेवायचा, म्हणजे केशर-मनुका घातलेला मोठा गोड पाव. आलेल्याला ‘का आलात’ असे विचारत नाहीत. येणाराही ‘पुन्हा कसा’ असे विचारत नाही.

जिल्नाबाई पुस्तके देण्याघेण्याच्या खिडकीवर बसतात. त्यांचे वडील वनरक्षक होते आणि त्यांनी लेकीला एका सुतारपक्ष्याचे नाव दिले. ते नाव दिनदर्शिकेत नाही. अशा सगळ्या बेवारस नावांसाठी बावीस मे हा एक सामाईक दिवस राखलेला आहे. पण त्या दिवशी कोणाकडे जावे हे कळत नसल्याने कोणी कोणाकडे जात नाही. अठ्ठावन्न वर्षांत जिल्नाबाईंकडे नामदिनाचे एकही फूल आले नव्हते.

गेल्या वर्षी चौदा मार्चला, जंगलात सुतारपक्षी खोडांवर ठोके देऊ लागतात त्या सुमारास, गिर्त्सने माझ्यात एक ओळ वाढवली आणि पॅकेज अपग्रेड केले. पडद्यावर नाव उमटले. जिल्नाबाई कोटाची एक बाही काढून तशाच उभ्या राहिल्या.

“अगं जिल्ने, तुझं नाव!” नियतकालिकांच्या विभागातल्या स्काइद्रीतेबाई ओरडल्या. “आणि आम्हाला पत्ता नाही?”

“मलाच आत्ता कळतंय.”

“ते राहू दे. पाव कुठाय?”

“आणते, आणते! बेकरी उघडी असेल ना गं?”

त्या दिवशी आलेली ट्युलिपची फुले जिल्नाबाईंनी बारा दिवस टाकली नाहीत.

दोन एप्रिलला एका अक्षरावरची आडवी रेघ राहून गेली म्हणून गिर्त्सने पुन्हा अपग्रेड केले. पडद्यावर जिल्ना. तीस एप्रिलला अक्षरे लहान दिसतात म्हणून केले. पुन्हा जिल्ना. प्रत्येक वेळी माणसे फुले घेऊन आली. गिर्त्सही आला, दर खेपेला पाच फुले घेऊन; सम संख्येतली फुले थडग्यासाठी असतात. यादीत फेरफार करण्याचा परवाना स्काइद्रीतेबाईंनाही होता, त्यामुळे ही थट्टा त्यांचीच, असे तो धरून चालला.

जूनमध्ये स्काइद्रीतेबाईंनी तोंड उघडले. “जिल्ने, तुझे वडील वनरक्षक होते की बिशप? एवढे दिवस तर संतांनासुद्धा मिळत नाहीत.”

“मी काही केलं नाही गं.”

“नाही, नाही. फुलांना हौस आली असेल यायची.”

ऑक्टोबरपर्यंत वाचनालयात कुजबुज पक्की झाली, की बाई त्या पोराला पाव चारतात आणि तारखा वाढवून घेतात. डिसेंबरात आठवा नामदिन झाला. तीन माणसे आली आणि कोट न काढताच गेली.

यंदा चौदा मार्च आला. जिल्नाबाईंनी पाव घरी भाजून आणला आणि खिडकीशेजारी झाकून ठेवला. पडद्यावर नाव होते. दुपारपर्यंत कोणी आले नाही. दोन वाजता त्या गिर्त्सकडे गेल्या.

“गिर्त्स, माझं नाव काढून टाक.”

“जिल्नाताई, अहो, आज तर खरा दिवस!”

“नको रे. नाव नव्हतं तेव्हा निदान चोर तरी नव्हते मी.”

गिर्त्सने यादी उघडली. जिल्ना आठ तारखांवर होती. स्काइद्रीतेबाईंना जाब विचारायला तो उठला, आणि मग अर्ध्यावरून परतून त्याने संगणकाची नोंदवही काढली. अपग्रेडही आठच होते, आणि त्याच तारखांना. तेव्हा कुठे त्याने मला उघडले व पहिल्यापासून वाचले. एकतिसाव्या ओळीवर त्याचे कान लाल झाले.

तो वाचनदालनात गेला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “जिल्नाताईंनी काही केलेलं नाही. गाढव मी आहे.”

“म्हणजे सात वेळा आम्ही उगीच फुलं आणली?” स्काइद्रीतेबाईंनी विचारले.

“हो.”

“आणि आज आणायची, तर नाही आणली.” त्या कोट चढवू लागल्या. “जिल्ने, पाव कापू नकोस गं. आलेच मी.”

संध्याकाळी पाव संपला. गिर्त्सने सात तारखा पुसल्या, चौदा मार्च ठेवला आणि मला लागोपाठ दोनदा चालवून पाहिले. मित्रांनो, एवढेच मागणे आहे: जे पुन्हा पुन्हा चालणार आहे, ते सोपवण्यापूर्वी दोनदा चालवून पाहा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा.

कारण असे होते. एकतिसाव्या ओळीत ‘चौदा मार्चच्या पुढे जिल्ना लिही’ असे हवे होते. गिर्त्सने ‘आजच्या तारखेपुढे जिल्ना लिही’ असे लिहिले होते. आणि मी केवळ पहिल्या इन्स्टॉलला नव्हे, तर प्रत्येक अपग्रेडला धावते.