बर्फातला खल

"तीस वर्षं मेंदू घोटले मी, पण या मुलीच्या डोक्यात काय चाललंय ते काही केल्या कळत नाही बाई!"

सासूबाई आपल्या मुलाला सांगत होत्या, आणि घड्या केलेले कपडे घेऊन आलेली नवी सून दाराआडच थबकली. तिनं ऐकलं. मीही ऐकलं. मी तिथंच फडताळात उभा होतो. पण माझ्यासमोर बोलताना कोण कशाला आवाज खाली करील? मी पडलो काचेचा खल.

मसाला कुटणाऱ्यांतला मी नव्हे हं. बोटाएवढी जाड काचेची नळी आणि तिच्यात जेमतेम मावणारी दांडी, एवढाच माझा पसारा. ज्या कारागिरानं मला फुंकून घडवलं, त्यानं दांडीही माझ्याच मापानं घासली. मला दुसरी दांडी चालत नाही, तिला दुसरी नळी. असा आमचा संसार.

सासूबाईंच्या हाती आलो तेव्हा त्या कुणाच्याच सासूबाई नव्हत्या. प्रयोगशाळेत नव्यानं लागलेल्या, वेणी पांढऱ्या कोटात खोचून धावपळ करणाऱ्या. उंदराच्या मेंदूचा तुकडा माझ्यात थंडगार द्रावणात घालायचा, मला बर्फात उभं करायचं आणि दांडी फिरवत वरखाली न्यायची, हे काम. पहिल्याच दिवशी त्यांनी ती अशी काही घुसळली की फेसच फेस. त्यांचे सर म्हणाले, "काय बाई, कपडे भिजवायचेत का?"

फेस आला की मेंदूतली नाजूक द्रव्यं मोडतात. ऊब लागली तरी मोडतात. म्हणून सगळं थंड, सावकाश, एका लयीत. बाईंच्या उमेदीची वर्षं त्या लयीत गेली. आठवणी टिकवायला मदत करणारं एक द्रव्य म्हातारपणी फार लवकर झिजतं. ते झिजू न देणारं औषध त्यांना सापडलं. माझ्या पोटात सापडलं, असं आपलं मी म्हणतो. त्यांच्या लेखात माझं नाव नाही, ते सोडा.

मग विजेवरचं यंत्र आलं. भर्रकन फिरलं की काम तमाम. मी प्रयोगशाळेच्या कपाटात गेलो. पुढे नव्या मंडळींनी तोच प्रयोग यंत्रावर केला आणि औषधाचा गुण काही दिसेना. "मॅडम, तेव्हा काहीतरी गफलत झाली असेल," ते अदबीनं म्हणाले.

बाईंनी कारण तिथल्या तिथं ओळखलं, यंत्र तापतं. पण करून दाखवल्याशिवाय कोण ऐकणार? प्रमुखांनी सोमवार दिला होता. सोमवारी हातानं करून दाखवा, नाहीतर या औषधाचं काम थांबवू. बाई मला सरावाला घरी घेऊन आल्या, एकदा दांडी धरली आणि मला फडताळात ठेवून दिलं. त्यांचे हात आता थरथरतात. चहा घेतानासुद्धा कप बशीवर वाजतो. आणि त्यांचे विद्यार्थी? सगळे यंत्रावर वाढलेले.

सून रसायनशास्त्र शिकलेली. पण सासरी तो विषय कधी निघाला नाही, आणि आपण होऊन सांगणं तिच्या रक्तातच नाही. तिनं नुसतं पाहिलं होतं. जेवताना जुन्या गोष्टी सांगायला लागल्या की सासूबाईंचा उजवा हात आपोआप हवेत वरखाली व्हायचा. वर जाताना मनगट अर्धं वळायचं, खाली येताना सरळ व्हायचं.

दाराआडून ते बोलणं ऐकलं त्याच दुपारी, घर रिकामं झाल्यावर, तिनं मला खाली काढलं. स्टीलच्या पातेल्यात बर्फ, माझ्यात गार पाणी आणि केळ्याचा तुकडा. मेंदूनंतर केळं! पण तक्रार कोण ऐकतो? पहिल्यांदा फेस आला. अगं, हळू! दुसऱ्या दिवशी थोडा कमी. तिनं डोळे मिटले, मनगट वळवलं, आणि तिसऱ्या दुपारी मला ती जुनी लय ओळखीची वाटली. मग मला घासूनपुसून जागच्या जागी ठेवायची. कुणाला पत्ता नाही.

शनिवारी जेवणं उरकली. मुलगा म्हणाला, "आई, जिवाला घोर नको. सोमवारी येत नाही म्हणून कळवून टाक."

"कळवते उद्या," बाई म्हणाल्या. ताटाकडे बघत.

सासरे वातावरण हलकं करायला म्हणाले, "चला, माझ्या पेनाची सोय झाली. तो खल आता मला द्या."

पेन! बर्फात आयुष्य काढलेल्याच्या नशिबी शाईचे डाग! एवढं तरी माझ्यावर आणू नका, असं मी मनातल्या मनात विनवत होतो, तोच सून उठली. तिनं पातेल्यात बर्फ ओतला, मला भरून त्यात, टेबलाच्या मधोमध उभं केलं, आणि दांडी फिरायला लागली. वर, अर्धं वळण, खाली. काम झालं तशी बाईंनी चष्मा वर सरकवून माझ्यात डोकावून पाहिलं. बुडबुडा नाही. मग वास घेतला.

"केळं?"

सून सगळ्यांसमोर म्हणाली, "आई, माझ्या डोक्यात काय चाललंय, विचारत होतात ना? हेच चाललं होतं. सोमवारी मला घेऊन चला. दांडी मी फिरवते, तुम्ही शेजारी उभ्या राहा. आणि फेस आलाच, तर हवं तेवढं ओरडा."