शेवटचं फंक्शन

मानवी मेंदू यापुढे माझ्यापासून काहीही लपवू शकणार नाही, असं डॉ. कृष्णकांत देवतळे यांनी परिषदेत जाहीर केलं आणि टाळ्या घेतल्या. त्याच संध्याकाळी नालवाडीच्या घरी त्यांचा उजवा हात असा थरथरला, की अर्धा चहा बशीत सांडला आणि उरलेला भाषणाच्या कागदांवर.

पुसायला घरात दुसरं कोणी नव्हतं. पत्नी इंदिराबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगी इला परदेशातून रविवारी फोनवर दिसे. डॉक्टर फोन डाव्या हातात धरत.

मेंदू दिसायला धडधाकट, पण कामात घोळ घालतो, अशा 'फंक्शनल' आजारांचे ते डॉक्टर. म्हणून आपल्याच संशोधनाच्या मशीनमध्ये ते स्वतः जाऊन आडवे झाले. मेंदूची चित्रं आली ती फ्रेम करून लावावी इतकी सुरेख. पण सुरेख चित्रावरून कंपवात नाही असं ठरत नाही, हे ते रोज पेशंटना सांगत. खरी परीक्षा वेगळी होती. लक्ष दुसरीकडे वळवायचं. थरथर थांबली तर आजार बरा होण्यातला.

अडचण एवढीच, की लक्ष दुसऱ्या माणसानं वळवावं लागतं. डॉक्टरांनी एकोणतीसचा पाढा म्हणून पाहिला. एकदा तर स्वतःलाच अचानक विचारलं, "जेवलात का?" उत्तर आधीच ठाऊक होतं. हात थरथरत राहिला.

सोमवारी सेलूच्या शकुबाई तपासणीला आल्या. चार महिन्यांपूर्वी त्यांचा पाय उचलत नव्हता. आता त्या चालत आल्या होत्या, पण तक्रार घेऊन.

"डाक्टरसाहेब, तुम्ही माह्या आजाराले फंक्शनल म्हटलं. नणंद विचारून राह्यली, कोणाच्या फंक्शनात बाधलं म्हणून."

"अहो, तसं फंक्शन नव्हे..."

"तेच म्या म्हटलं तिले! मालक गेल्यापासून घरात फंक्शन झालंच कुठं? तुमच्या घरी कधी झालं होतं शेवटचं?"

डॉक्टर म्हणाले, "इलाचं लग्न." शिपायानं ठेवलेला कप त्यांनी उचलला आणि सांगू लागले. आचाऱ्यानं मीठ समजून मठ्ठ्यात मूठभर साखर टाकली. इंदिराबाई जराही डगमगल्या नाहीत. 'हा खास वर्धेचा मठ्ठा' असं म्हणत त्यांनी तो वरपक्षाला दोनदा वाढला. नवरदेवाच्या मामांनी तर कृती लिहून नेली.

शकुबाई पदर तोंडाला लावून हसल्या. हसता हसता थांबल्या.

"मघा म्या आली तवा तुमचा हात लटलट करत होता. आता काऊन नाई करत?"

डॉक्टरांनी खाली पाहिलं. उजव्या हातातला कप रिकामा होता. बशी कोरडी.

परीक्षा झाली होती. घरात ती घ्यायला कोणी उरलं नव्हतं. डॉक्टरांना एकदम खूप बोलायचं होतं. घर किती शांत असतं, रविवार किती लांबून येतो, असं काहीबाही.

"शकुबाई, हे मी अजून कोणालाच..."

शकुबाईंनी पिशवीतून अर्धी शिवलेली गोधडी काढली आणि सुई पुढे केली.

"थांबलाच हाये तवर एवढा दोरा ओवून द्या जी. मले दिसत नाई."