दाराला चिकटलेली ताटली

"चिकटनी! ताटली चिकटनी!" कळसाडीच्या पारावर आरोळी उठली आणि बाया हात जोडू लागल्या. गिरधर पालथा पडला होता. ताटलीबाबानं लोट्यातलं तीर्थ चोळून त्याच्या उघड्या पाठीवर पितळी ताटली बसवली होती, हलवली तरी हलत नव्हती. काल शेतात त्याच्या पोटरीला कुत्रं चावलं आणि पळून गेलं. पिसाळलेलं होतं की नुसतंच खट्याळ, कुणास ठाऊक.

"पाहा माय, ताटली विष पिऊन राहिली!" ताटलीबाबा गरजला. "पोट भरलं की आपोआप गळेल. सुई टोचून घ्याल तर विष उलटं मेंदूत चढेल!"

मेला काय थापा मारतो! गिरधरची बायको छबूबाई मनातल्या मनात चरफडली. शाळेचे गुरुजी सकाळीच सांगून गेले होते : धुळ्याच्या दवाखान्यात रोज एक अशा पोटात चौदा सुया घ्या, रोग एकदा उठला की देवही हात टेकतो. धुळ्याची मोटार दुपारची. आणि हा शहाणा इथे आडवा!

"बाबाना हातखाल शंभर लोके वाचनात," उदेसिंग पाटील म्हणाले.

"नि मरनात किती?" छबूबाईनं विचारलं.

"मेले ते पथ्य मोडून मेले!" बाबा खेकसला.

नवऱ्याच्या मानेवरून ओघळलेलं बाबाचं तीर्थ पुसताना छबूबाईची बोटं एकमेकांना चिकटली. हा चिकटपणा तिच्या ओळखीचा होता. अगं बाई, हा तर भोकराचा चीक! पोरं पतंग चिकटवतात तोच. तिनं ताटली ओरबाडून काढली, गिरधर बोंबलला. बाबाच्या लोट्यातलं तीर्थ तिनं समोरच्या घराच्या दाराला फासलं आणि ताटली त्यावर दाबली. ताटली तिथेही बसली.

"दारले बी कुत्रं चावनं का हो, बाबा?"

लोक खदाखदा हसले. भिकुबाई मात्र हसली नाही. ती पुढे आली. तिचा तरणा मुलगा कुत्रं चावल्यावर ताटली लावूनही गेला होता, आणि आईनं ताक पाजलं म्हणून गेला असं याच भामट्यानं तिच्या तोंडावर सांगितलं होतं. वर्षभर ती स्वतःलाच शिव्याशाप देत होती.

"मंग मन्हा पोऱ्या ताकमुळे नई मरना ना?"

"नई वं माय, नई," छबूबाईनं तिला जवळ घेतलं. तेवढ्यात बाबानं लोटा टाकून धूम ठोकली. सुटला हरामखोर!

गिरधर अजून घुटमळतच होता. "पन कुत्रं चांगलं व्हई तं?"

"तं चौदा दिन पोट दुखी. नि नई व्हई तं?"

तो उठून मोटारीत जाऊन बसला.

गिरधर जगला. सुयांनीच जगवला म्हणून मी छाती ठोकून सांगणार नाही. कुत्रं धडधाकटही असेल. बाबाचे शंभर तरी कसे जगले? बहुतेक कुत्री पिसाळलेली नसतातच! पण ते आधी कळत नाही, म्हणून तर जायचं. चुकलो तर काय जाईल, एवढंच छबूबाईनं विचारलं. एकीकडे पोटदुखी, दुसरीकडे नवरा. तुम्हीही तेच विचारा, बाबांनो. आणि ठाऊक नसताना ठाऊक आहे म्हणणारा भेटला, तर आधी त्याच्यापासून पळा, मग दवाखाना गाठा.