अकरावे छिद्र

प्लॅस्टिकमधून गोळी गेली की मागे उरणारे छिद्र गोळीपेक्षा लहान असते. पावणेआठ मिलिमीटरची गोळी, छिद्र जेमतेम पाच. प्लॅस्टिक ताणले जाते, वाट देते आणि पुन्हा मागे येते. यंदाच्या मार्चपर्यंत मला हे माहीत नव्हते. हॅलस्टेडच्या कारखान्यात अठरा वर्षे मी बर्फपेट्या तपासते. कोणत्या पेटीत बर्फ किती दिवस टिकतो, झाकणाची रबरी पट्टी किती थंडीत तडकते, एवढेच माझे मोजमाप होते.

मार्चमध्ये कंपनीने बंदूकवाल्यांच्या संघटनेच्या सभासदांना मिळणारी सवलत बंद केली. दोन ओळींचे पत्रक निघाले: यापुढे संघटनेशी आमचा संबंध नाही. त्याच आठवड्यातल्या रविवारी गावातल्या लोकांनी गावातच बनलेल्या पेट्या जुन्या खाणीजवळ ओळीने मांडल्या, गोळ्यांनी उडवल्या आणि व्हिडिओ टाकले. जिथे आम्ही वर्षानुवर्षे ॲपल-पाय खायला जात होतो त्या कॅफेच्या दारावर पाटी लागली, हॅलस्टेडच्या पेटीने आणि हॅलस्टेडच्या माणसाने बाहेरच थांबावे. एप्रिलमध्ये त्या पेट्या कारखान्यात परत येऊ लागल्या. आमच्या पेटीला आयुष्यभराची गॅरंटी आहे.

"स्वतःच गोळ्या घालायच्या आणि स्वतःच नवी पेटी मागायची," बर्निस म्हणाली. शेजारच्या टेबलापाशी बसून ती अर्ज उघडते. "ऐक, मर्ना. नुकसानाचं कारण: 'तुमचा भित्रेपणा.' आणि हा दुसरा शहाणा लिहितो, 'गारा.' गारा म्हणे! आमच्या डोंगरात आता शिशाच्या गारा पडतात."

"नामंजूर लिही."

"आणि कारण काय लिहू?"

"हवामान."

ती इतकी हसली की तिला चष्मा काढावा लागला.

एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी मी एक खोका उघडला. आत शेवाळी रंगाची पेटी होती. झाकणाच्या आतल्या बाजूला काळ्या शाईने इंचांच्या खुणा केलेल्या. मासा मोजायला. त्या खुणा करताना माझी पोलादी पट्टी चौदाव्या इंचाला सरकली होती, म्हणून तिथून पुढचा प्रत्येक मासा थोडा मोठा भरत असे. हे मी नवऱ्याला, रसेलला, कितीदा दाखवले होते. "मासा तक्रार करत नाही, तू का करतेस?" असे तो म्हणायचा.

अर्जावर सही होती ऑरविल टॅकेट यांची. माझे सासरे. नुकसानाच्या कारणापुढे त्यांनी लिहिले होते: माहीत नाही.

रसेलला जाऊन दीड वर्ष झाले. गॅरेजमध्ये, आजोबांच्या रायफलने. बंदूक साफ करताना सुटली, असे गाव म्हणते. पाद्री तेच म्हणाले आणि चर्चच्या दारात उभे राहून चाळीस माणसांना मीही तेच सांगितले. तेलाची बाटली आणि साफ करायची सळई कपाटात रंगाच्या डब्यामागे होती, दोन्हींवर धूळ. हे मी पाहिले आणि माझ्या आधी तिथे पोचलेल्या ऑरविलनी. आम्ही दोघे त्याबद्दल कधी बोललो नाही.

त्या सकाळी रसेलने पेटीत बर्फ भरला होता. दुसऱ्या दिवशी मासे धरायला जायचे होते. मी ती पेटी नवव्या दिवशी उघडली. आत अंगठ्याएवढा तुकडा शिल्लक होता. मी तो ओंजळीत घेऊन विरघळेपर्यंत उभी राहिले.

"मरणारा माणूस उद्यासाठी बर्फ भरत नाही," ऑरविल म्हणाले होते. त्यांचा एवढाच आधार होता, म्हणून पेटी मी त्यांना देऊन टाकली. मला तो पुरावा वाटत नाही. सकाळी बर्फ भरणारा माणूस खरा होता. संध्याकाळी त्याच्यावर काहीतरी चालून आले. ते दहा मिनिटांत निघूनही गेले असते. त्या दहा मिनिटांत रायफल चार पावलांवर होती. याहून जास्त काही मला मोजता आलेले नाही.

पेटी देऊनही तिच्या झाकणाचे खटके लागताना ऐकू येतात. दिवस मावळताना, गॅरेजमधून, एकापाठोपाठ एक दोन. गारव्याने लाकूड आखडते, हे मला माहीत आहे. पण दोन खटक्यांमध्ये तेवढेच अंतर असते, जेवढे रसेल डावा बंद करून उजव्याकडे वळायला घ्यायचा.

रायफल अजून शेरीफच्या कचेरीत आहे. दर सहा महिन्यांनी पत्र येते: घेऊन जा, कुणाला द्या, किंवा नष्ट करायला सांगा. दरवेळी मी मुदत मागते. कारण ती ऑरविलना हवी आहे. रसेल गेल्यावर घरातल्या बाकी सगळ्या बंदुका त्यांनी पुतण्याला देऊन टाकल्या. मागतात ती फक्त हीच. ताजे पत्र माझ्या पर्समध्ये होते, मुदत सोमवारपर्यंत.

मी छिद्रे मोजली. अकरा. दहा समोरच्या भिंतीवर, एका ताटलीत मावतील इतकी जवळजवळ. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही ऑरविलचा हात हलत नाही. अकरावे झाकणावर होते. तिथले प्लॅस्टिक मागे आले नव्हते. कडा चांदणीसारख्या फाटलेल्या, प्लॅस्टिक वितळलेले आणि भोवती काळे कडे. नळी टेकवल्याशिवाय असे कडे उमटत नाही. असे कडे मी आधी एकदा पाहिले होते.

ते मोजायला मी पट्टी लावली नाही.

"काय गं, पांढरी पडलीस," बर्निस म्हणाली.

"हिचं उत्तर मी स्वतः देऊन येते."

तीन वाजता मी ऑरविलच्या स्वयंपाकघरात होते. त्यांनी न विचारता कॉफी ओतली.

"नवी पेटी आणलीस?"

"जुनी का पाठवलीत?"

"सगळ्यांनी पाठवल्या. शेजारचा क्लेम म्हणाला, तुझी तर सूनच आत बसलीय, तुला एकीच्या दोन मिळतील." ते हसले. "आयुष्यभराची गॅरंटी ना तुमची? कुणाच्या आयुष्याची, ते काही लिहीत नाही तुम्ही."

"बंदूक कुणाची होती?"

"क्लेमची. माझ्याकडे कुठाय? दहा-दहा गोळ्या मारल्या प्रत्येकानं. मजा म्हणून गं. तुझ्यावर राग नव्हता कुणाचा."

"आणि अकरावी?"

त्यांनी कपाचा कान भिंतीकडे वळवला, मग परत माझ्याकडे.

"बाकीचे गाड्यांकडे गेले होते," ते म्हणाले. "मी पेटीशेजारी बसलो. नळी झाकणाला टेकवली. बघत होतो."

"काय बघत होता?"

"विचार बदलायला वेळ मिळतो का ते."

"मिळतो?"

"नाही, पोरी."

बाहेर कुणाची तरी गाडी गेली. ऑरविलनी खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"तेलाची बाटली कपाटात होती," ते म्हणाले. "मी पाहिली. तुलाही दिसली, ते मला कळलं होतं."

"हो."

"बर्फ भरला होता त्यानं."

"खरंच भरला होता. त्याला जायचं होतं, ऑरविल. सकाळी त्याला जायचंच होतं."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "ती रायफल आता आण. माझ्या बापाची आहे. दारावर टांगेन."

"कशाला?"

"आपली वस्तू आपल्या घरात असावी."

"कशाला, ऑरविल?"

त्यांनी खिडकीकडे पाहिले. "संध्याकाळी हे घर फार शांत होतं गं."

दीड वर्ष मला वाटत होते की मी त्यांचे मन दुखवायला कचरते आहे. खरे तर ती रायफल मी त्यांच्या हाती पडू देत नव्हते. मी पर्समधून पत्र काढले आणि त्यांच्यासमोरच नंबर लावला. त्यांना ऐकू जावे म्हणून फोन टेबलावर, दोन कपांच्या मध्ये ठेवला.

"शेरीफची कचेरी, डेप्युटी कॉर्बिन."

"मर्ना टॅकेट बोलतेय. तुमच्या पत्राबद्दल."

कागद चाळल्याचा आवाज आला. "हां, मॅडम, सापडलं. पुन्हा सहा महिने मुदत देऊ ना?"

ऑरविल माझ्याकडे बघत होते. त्यांचा हात फोनपासून वीतभर अंतरावर होता. त्यांनी तो पुढे केला नाही.

"नको," मी म्हणाले. "मोडून टाका ती."